मागे कोणी नसल्याचा दाखला

मुलींचे वसतिगृह, खोली चौदा
४ सप्टेंबर

प्रिय मामा,

येऊन महिना होत आला आणि हे माझं पहिलं पत्र, तेव्हा आधी शिव्या दे आणि मग वाच. वसतिगृहात फोन एकच आहे, जिन्याखाली, आणि तिथं कायम कोणीतरी घरच्यांशी बोलताना रडत असतं. मागे रांगेत उभं राहायलाही अवघडतं. तसंही फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे जात नाहीस, आणि मामी 'ठेवते, पैसे जातायत' म्हणून मोकळी होते. पत्र तुम्हाला निदान पूर्ण वाचावं तरी लागेल.

खोली बरी आहे. खिडकीतून सायकली ठेवायची शेड दिसते. खोलीतली दुसरी मुलगी इतकी उंच आहे की पलंगाच्या दांड्यांमधून पाय बाहेर काढून झोपते. सगळे तिला जिराफ म्हणतात आणि तीही हाकेला ओ देते. भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात दोन-दोन दगड दिले आणि चाटायला सांगितलं. मला वाटलं, नव्या मुलांची चेष्टा चाललीय. पण खरंच, मातीपासून झालेला दगड जिभेला चिकटतो, दुसरा चिकटत नाही. सरांच्या जिभेवर आता चव राहिली असेल का, असा प्रश्न जिराफने मला विचारला. ती गणिताची आहे, तिला काय कळतंय.

आता कामाचं. पदवीच्या विद्यार्थ्यांना सरकारी अनुदान मिळतं, त्याचे नियम मी आणून वाचले. दोन वाटा आहेत. पहिली सगळ्यांसाठी. त्यात घरच्यांचं उत्पन्न बघतात, आणि तू नि मामी दोघं कमावता म्हणून आपण मर्यादेच्या अगदी काठावर आहोत. मिळालंच तर थोडंसं. दुसरी वाट अट क्रमांक चार. ज्याला आईवडील नाहीत आणि कायद्याने कोणी जबाबदार नाही, त्याची पूर्ण फी, वसतिगृह आणि पुस्तकं, पदवी हातात पडेपर्यंत. त्यात मी बसते. अनुदानाच्या खिडकीवरच्या पाटीवर 'अनाथ' असं लिहिलंय. ते वाचून जरा वेळ पाय तिथंच अडकले, कारण स्वतःला मी असं कधी म्हटलेलं नाही. पण बाबा मी जन्मायच्या आधी गेले, आई मी चार वर्षांची असताना गेली, म्हणजे हिशोबाने मी तीच.

दोघांच्या मृत्यूचे दाखले हवेत, आणि तुझी सही. कागद सोबत जोडलाय. त्यावर एकच वाक्य आहे, 'सदर विद्यार्थिनी माझे अपत्य नाही, मी तिला दत्तक घेतलेले नाही व तिच्या शिक्षणाची कायदेशीर जबाबदारी माझ्यावर नाही.' वाचायला कोरडं आहे, पण सरकारी भाषा ती. तुला ठाऊकच आहे तुझ्या-माझ्यात काय आहे ते. सही झाली की तुझे ते अवेळी येणारे लिफ्ट-दुरुस्तीचे फोन बंद करता येतील. गुडघा तुझा दुखतो आणि मामीला तो माझ्या फीमुळे दुखतो असं वाटतं. म्हणजे ती तसं म्हणत नाही, पण तू लंगडत आलास की माझ्याकडे न बघता भांडी घासते.

मुदत नोव्हेंबरअखेर आहे.

तुझी
ठिकरी


१५ सप्टेंबर

ठिकरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीने आधी वाचलं, मग मला दिलं, मग परत मागून घेतलं. दगड चाटतेस हे तिला पसंत पडलेलं नाही. 'फी भरून दगडच चाटायचे होते तर गल्लीत काय कमी होते' म्हणाली. पण शेजारणीला मात्र सांगत होती, की आमची मुलगी जिभेने दगड ओळखते.

कोर्टाच्या इमारतीतली लिफ्ट परवा पुन्हा दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत दोन वकील, एकाच खटल्यात समोरासमोरचे. मी वरून दोर तपासून हाताने लिफ्ट खाली घेईपर्यंत त्यांची तडजोड झाली होती. त्यातले एक मला म्हणाले, तुम्हाला फी द्यायला हवी. मी म्हटलं, दरवाजा हळू लावा, तेवढं पुरे.

मामीकडे गाडी शिकणारी ती बाई आठवते का, चौकात गाडी बंद पाडून रडायची? पास झाली. पास झाल्यावरही रडली.

तुझा कागद पाहिला. बघतो. दाखले कपाटात कुठेतरी आहेत, काढावे लागतील. फीचं तू मनाला लावून घेऊ नकोस. गुडघा माझा आहे, त्याचं मी बघीन.

तुझा
मामा


२८ सप्टेंबर

प्रिय मामा,

'बघतो' हे तू फोनवर म्हणायचं असतं. पत्रात पुढे काहीतरी लिहावं लागतं.

अनुदानाच्या खिडकीत एक बाई असतात. चष्म्याला दोरी, टेबलावर पंखा, कागद उडू नयेत म्हणून त्यावर ठेवलेला एक गारगोटीचा दगड. मी दगडाचं नाव सांगितल्यापासून माझ्याशी जरा बऱ्या बोलतात. त्या म्हणाल्या की अट चारचे अर्ज लवकर दिले तर बरं, कारण त्यांची छाननी वेगळी होते. कपाट उघडायला किती दिवस लागतात, मामा? हवं तर मामीला सांग. ती शोधायला लागली की वस्तू आपणहून बाहेर येतात.

तुझी
ठिकरी


६ ऑक्टोबर

ठिकरीस आशीर्वाद.

दोन्ही दाखले सोबत पाठवतो आहे. जपून ठेव, घडीवर घडी घालू नकोस.

सहीच्या कागदाचं जरा थांब. इकडे कामाची गडबड आहे. दवाखान्याच्या नव्या इमारतीत एकदम तीन लिफ्ट बसवायच्या आहेत आणि हाताखालची माणसं नवी आहेत. तू जेवणाची आबाळ करू नकोस. मामीने तुझा जुना स्वेटर उसवून मोठा केला आहे, तो पाठवते म्हणाली.

तुझा
मामा


१२ ऑक्टोबर

मामा,

दाखले मिळाले. सहीचा कागद नव्हता. सही करायला घरातून बाहेरही पडावं लागत नाही, म्हणजे कामाची गडबड हे कारण नाही.

खूप विचार केला, आणि मला दोनच गोष्टी सुचतात. एक, मामीला अनाथाच्या नावाचे पैसे घरात नकोत. तसं असेल तर सांग, मला समजेल. पण मग तुझ्या गुडघ्यावर पदवी घ्यायची हेही मला जमणार नाही. दुसरी गोष्ट लिहायला नको वाटतं. कदाचित तुम्ही इतकी वर्षं केलंत आणि आता कंटाळलात, आणि 'जबाबदारी नाही' हे वाक्य खरं आहे म्हणूनच तुला त्यावर सही करायला लाज वाटतेय. तसं असलं तर लाज वाटून घेऊ नकोस. ते खरंच आहे. तुम्ही बांधील नव्हतात. तरी सांभाळलंत.

एवढंच कळव की सही करतोस की नाही.

ठिकरी


१९ ऑक्टोबर

ठिकरी,

तुझं पत्र मामीने वाचलं आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. एरवी ती विनाकारण पेट्रोल जाळत नाही हे तुला माहीत आहे. मी दारात उभा राहून ठरवलं की आता लिहायचं.

त्या कागदावर मी सही करू शकत नाही, कारण ते खोटं होईल. आम्ही तुला दत्तक घेतलं आहे. तू पाच वर्षांची होतीस. कोर्टाचा हुकूम कपाटात आहे, तुझ्या आईच्या साडीखाली. त्यात वडील म्हणून माझं नाव आहे आणि आई म्हणून मामीचं. तुझं नाव-आडनाव होतं तेच राहू द्यावं एवढी विनंती मी केली होती, ती न्यायाधीशांनी मान्य केली. म्हणून तुला कधी कळलं नाही. शाळेचे अर्ज मीच भरायचो.

ते असं झालं. तुला खूप ताप चढला होता. दवाखान्यात कसलीशी सुई पाठीत टोचायची होती, त्याआधी सही हवी होती. टेबलामागचा माणूस म्हणाला, तुम्ही मुलीचे कोण? मी म्हटलं, मामा. तो म्हणाला, मामाची सही चालत नाही, आईवडिलांना बोलवा. मामी बाकावर तुला मांडीवर घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं. शेवटी मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी निभावून नेलं. पण घरी आल्यावर मामी म्हणाली, पुन्हा कोणी असं विचारता कामा नये. त्याच वर्षी आम्ही अर्ज केला.

आता तुला का सांगितलं नाही ते. तुझी आई माझी धाकटी बहीण. ती आजारी होती तेव्हा मी लांबच्या कामावर होतो. ये म्हणून निरोप आला आणि मी पोचलो तेव्हा शेवटचा आठवडा उरला होता. ती फारसं बोलत नव्हती. तिच्यासाठी करायचं असं माझ्या हातात काही राहिलं नव्हतं, ठिकरी. तिची जागा तिच्याकडेच राहावी, तिच्या मुलीने दुसऱ्या कोणाला आई म्हणू नये, एवढंच मला तिला देता येण्यासारखं होतं. म्हणून आम्ही मामा-मामीच राहिलो आणि कागद कपाटात राहिला. मामी त्यावर कधी एक शब्द बोलली नाही.

कंटाळलो, असं तू लिहिलंस. ते पत्र मी ठेवलेलं नाही, फाडून टाकलं.

मामा


२४ ऑक्टोबर

मामा,

पत्र मिळालं. तेरा वर्षं मला आईवडील होते आणि मला सांगायचं तेवढं राहून गेलं.

रागावले आहे की नाही ते अजून कळत नाही. काल प्रयोगशाळेतल्या बाईंनी दोनदा विचारलं, बरं नाही का. मी 'बरं आहे' म्हटलं आणि खडूसारख्या मऊ दगडावर आम्ल ओतायच्या जागी हातमोज्यावर ओतलं. काही झालं नाही, हातमोजा गेला.

मी माझ्या पत्रात जे लिहिलं होतं ते मामीने वाचायला नको होतं.

अट चार मला लागू नाही, हे खिडकीवर सांगून टाकीन.

ठिकरी


२ नोव्हेंबर

ठिकरीस आशीर्वाद.

खिडकीवर अजून सांगितलं नसशील तर थांब.

लिफ्टमधे अडकलेल्या वकिलांतले एक परवा भेटले. मी तुझं नाव न घेता त्यांना विचारलं. ते म्हणाले, मुलगी आता सज्ञान आहे. दत्तक घेणारे दोघं आणि मुलगी, तिघांनी मिळून अर्ज केला, तर दत्तक रद्द करून मिळू शकतं. तिघांच्या सह्यांचा अर्ज जोडला तरी अनुदानाच्या खिडकीवर चालतं, निकाल नंतर दिला तरी हरकत नाही. त्यांनी अर्ज लिहूनही दिला, पैसे घेतले नाहीत.

मी यावर खूप विचार केला आहे. अर्ध्या मनाने सांगत नाही. पूर्ण फी, राहणं, पुस्तकं, सगळी वर्षं. एवढं मी दोन्ही गुडघे घालवले तरी जमवू शकणार नाही. आणि शेवटी तो कागदच तर आहे. तुला ठाऊक नव्हता तेव्हा आपलं काय अडलं होतं? घरात काही बदलणार नाही. तुझी खोली आहे तशी आहे. तू मामा म्हणतेस, म्हणत राहशील.

माझी सही करून अर्ज तयार ठेवला आहे. मामीची जागा मोकळी आहे. तिला चष्मा सापडत नाहीये म्हणाली.

तुझा
मामा


८ नोव्हेंबर

प्रिय मामी,

हे पत्र फक्त तुला. मामाला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मामाने लिहिलंय की दत्तक रद्द करता येईल आणि मग सगळी फी सुटेल. जिराफला सांगितलं तर ती म्हणाली, यात विचार करण्यासारखं काय आहे, कागद जाईल, माणसं थोडीच जाणारेत. तिचे आईवडील दोघंही शिक्षक, तिला काहीच मिळत नाही, म्हणून तिला हे सोपं वाटतं. पण ती चुकतेय असं मला म्हणता येत नाही. खरं सांगते, मामी, मला सही करावीशी वाटतेय. सकाळी उठले की वाटतं, करून टाकावी. चार-पाच वर्षं तू रविवारीही शिकवण्या घेशील, मामा लिफ्टच्या शाफ्टमधे वाकून बसेल, आणि मी इथं दगडांची नावं पाठ करीन. हे कशासाठी, तर ज्या कागदाची मला महिन्यापूर्वी माहितीही नव्हती त्यासाठी.

मग संध्याकाळी वाटतं की माहिती नव्हती तेव्हाही तो होता. दवाखान्यात पुन्हा कोणी अडवलं नाही ते त्याच्यामुळेच ना?

मी तुला कधी विचारलं नाही, म्हणजे विचारायचं सुचलंच नाही. तुला काय वाटतं?

आणि त्या पत्रातलं ते कंटाळल्याचं वाक्य. मी ते मामाला लिहिलं होतं, पण तुझा विचार करून लिहिलं होतं. तुला भांडी घासताना पाहून मी काहीतरी भलतंच समजून बसले होते.

ठिकरी


१४ नोव्हेंबर

ठिकरीस,

मला पत्र लिहिता येत नाही. मी दिवसभर बोलते ते 'गिअर बदला', 'आरशात बघा', 'घाबरू नका'. तेवढ्यात माझं सगळं होतं.

भांडी घासताना मी तुझ्यावर चिडलेली नसे. मामावर असे. तो डॉक्टरकडे जात नाही.

तू विचारलंस मला काय वाटतं. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. नवे शिकवणारे तो सारखा दाबतात, मग शिकणाऱ्याला कधी गाडी येत नाही. मी तो समोर माणूस आडवा आल्याशिवाय दाबत नाही. इथं कोणी आडवं आलेलं नाही. तू अठरा वर्षांची आहेस, नियम तू वाचलेस, नफा-तोटा तुला कळतो. मी काही सांगणार नाही.

चष्मा हरवला नव्हता. अर्ज वाचायचा नव्हता. पण माझ्यामुळे तुझं शिक्षण अडलं असं उद्या कोणाच्या मनात यायला नको, तुझ्याही आणि माझ्याही. वाचला आणि सही केली. सोबत पाठवते आहे. आता दोन सह्या झाल्या, तिसरी तुझी. करायची तर कर, नाही तर नको. मी दोन्हीला तयार आहे.

स्वेटर वेगळा पाठवला आहे. बाह्या लांब वाटल्या तर दुमड.

मामी


१ डिसेंबर

प्रिय मामा आणि मामी,

दोघांना एकच पत्र लिहितेय, एकत्र बसून वाचा. मामीने आधी वाचून परत मागून घ्यायचं नाही.

काल शेवटचा दिवस होता. अर्ज गेले दोन आठवडे माझ्या उशीखाली होता. मी रोज काढून बघायचे आणि परत ठेवायचे. काल दुपारी तो घेऊन खिडकीवर गेले, तेव्हाही काय करणार ते मला माहीत नव्हतं. म्हणजे सही करणार असंच बहुतेक ठरलं होतं. रांग मोठी होती. माझ्या पुढच्या मुलाला बाईंनी परत पाठवलं, कारण त्याच्या वडिलांनी सही पेन्सिलीने केली होती.

बाईंनी अर्ज पहिल्यापासून वाचला. 'सगळं व्यवस्थित आहे,' म्हणाल्या. 'तुमचीच सही राहिली.' आणि दोरीला बांधलेलं पेन पुढे सरकवलं.

सही करायला कागद फिरवला तेव्हा मी मामीची सही पहिल्यांदा नीट पाहिली. इतके दिवस मी अर्ज बघत होते ते नियमाच्या ओळी बघत होते. मामी, तू किती दाबून लिहितेस. कागदाच्या मागे अक्षरं उठली आहेत. आणि सहीखाली छापलं होतं, 'माता'. तुझ्या नावापुढे तो शब्द मी आजवर कुठे पाहिला नव्हता. पहिल्यांदा दिसला तो तू सोडून देताना. मला तिथं उभं राहवेना.

बाई म्हणाल्या, 'काय झालं?'

मी म्हटलं, 'मला पहिल्या वाटेचा अर्ज द्या. उत्पन्नाचा.'

त्यांनी चष्मा काढला. 'यात तुम्हाला फार थोडं मिळेल. त्यात सगळं मिळतंय. विचार केलाय का?'

'केलाय.'

'हे बघा, या नियमाला माणसं कळत नाहीत,' त्या म्हणाल्या. 'तो फक्त विचारतो की तुमच्या मागे कोणी आहे का. नाही म्हटलं तर सरकार उभं राहतं. आहे म्हटलं तर सरकार म्हणतं, मग त्यांनाच विचारा. तुम्ही आता नाही म्हणू शकता. कागद तयार आहे.'

'पण आहेत ना,' मी म्हटलं.

मागच्या मुलाने 'जरा लवकर' असं काहीतरी पुटपुटलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सायकलींच्या शेडकडे बघायला लागला. मग त्यांनी दुसरा अर्ज दिला. त्यात वडिलांच्या नावाची एक ओळ होती आणि आईच्या नावाची एक. मी तुमची दोघांची नावं लिहिली. लिहिताना माझ्या आईचा विचार आला. तिच्यासाठी त्यात ओळ नव्हती. ते मला लागलं, अजूनही लागतंय, आणि त्यावर काय करायचं ते माझ्याकडे नाही. मामा, तुझ्यावरचा राग त्याच्यामुळे थोडा कमी झाला. तू इतकी वर्षं कशाला धरून बसला होतास ते एक ओळ लिहिताना मला समजलं. पूर्ण कमी झालेला नाही. 'कागदच तर आहे' असं तू लिहायला नको होतंस. ज्याने तो साडीखाली जपून ठेवला त्याने तर नाहीच.

बाईंचा अंदाज आहे की साधारण तिसरा हिस्सा फी सुटेल. बाकीचं असं की दगडांच्या संग्रहालयात नमुन्यांना चिठ्ठ्या लावायचं काम मला मिळालंय, आठवड्यातून तीन दुपारी. सरांनीच सुचवलं. खोके उघडायचे, जुनी शाई पुसली गेलीय तिथं दगड ओळखून नवं नाव लिहायचं. चाटायचं नाही, तिथं मनाई आहे. मामाने अवेळचे फोन बंद करावेत असं मी म्हणत नाही, कारण तो ऐकणार नाही. पण डॉक्टरकडे जावं. मामीने गाडीत घालून न्यावं आणि दाराला कुलूप लावावं.

तो दोन सह्यांचा अर्ज मी फाडलेला नाही. माझ्याकडे आहे. फाडवला नाही.

एक गोष्ट विचारायची आहे. मामी, आता मी तुला काय म्हणू?

ठिकरी


९ डिसेंबर

ठिकरीस,

हे पत्र वाचून झालं की तुझ्याजवळच ठेव. मामाने तुझं पत्र तीनदा वाचलं आणि आज सकाळी आपणहून डॉक्टरकडे गेला. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने गेला आणि आल्यावर तेच सांगत बसला. तो आता बाहेर पडला आहे म्हणून लिहिते.

तुला काय म्हणायचं ते तू ठरव. पण तुझ्या आईसाठी अर्जात ओळ नव्हती असं तू लिहिलंस, त्यावर मला सांगायला हवं.

ती आजारी होती तेव्हा मामा लांब होता. दर आठवड्याला औषध चढवायला तिला दवाखान्यात मीच न्यायचे, शिकवायच्या गाडीतून, छपरावर ती मोठी पाटी तशीच. ती म्हणायची, लोकांना वाटेल मी शिकतेय. एकदा बरी होती तेव्हा तिने चालवायला मागितली. मी रिकाम्या मैदानात दिली. तिला मागे घेताच येईना. मीच चुकीचं शिकवलं असं म्हणून माझ्याशी भांडली. मग खूप हसलो. इतकं हसल्यावर तिला दम लागला, म्हणून गाडी तशीच उभी ठेवून आम्ही काचा खाली करून बसून राहिलो. तू मागच्या सीटवर झोपली होतीस.

तेव्हा ती म्हणाली, ही तुला आई म्हणेल ना? मी म्हटलं, असं कसं, तिची आई तू. ती म्हणाली, मी असेन तेव्हा मी. नंतर तिला कोणाला तरी ती हाक मारता आली पाहिजे. नाहीतर तो शब्द तिच्याकडे नुसता पडून राहील. माझी आठवण ठेवायचं ओझं एवढ्याशा पोरीवर टाकू नका. मी बरं म्हटलं.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी दूध पिताना तू मला आई म्हणालीस. मी शिकवलं नव्हतं, आपणहून म्हणालीस, पेल्यातून तोंड वर न काढता. मामा समोर बसला होता. तो उठला, बाहेर गेला आणि जिन्याच्या पायरीवर पाठमोरा बसला. त्याची पाठ मला दारातून दिसत होती. त्याला त्याच्या बहिणीने काय सांगितलं होतं हे मी तेव्हा जाऊन सांगू शकले असते. पण त्याच्यासाठी तिने काहीच निरोप ठेवला नव्हता. जे होतं ते सगळं मला सांगून गेली होती. तो इतक्या लांबून आला आणि त्याच्या हातात काही नाही, हे मला बघवेना. त्याने तिच्यासाठी काहीतरी सांभाळावं असं मला वाटलं. मग ते हेच, तिची आईची जागा, असू दे म्हटलं.

तुला मामी म्हणायला मीच शिकवलं. तू हट्टी, तुला बरेच दिवस लागले. आई म्हणालीस की मी ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि मामी म्हणालीस की गाडीत बसवून तुला हॉर्न वाजवू द्यायचे. तुला हॉर्न फार आवडायचा. गल्लीतली माणसं वैतागली होती.

यातलं मामाला काही कळू देऊ नकोस.

सुट्टीला कधी निघतेस ते कळव. घ्यायला मी येते.

तुझी
मामी